साळूबाईच्या घासातली अमरवेल

१

साळूबाईची हाक आली तेव्हा गोजरबाई भाकरी थापत होती. हाक कसली, बोंबच ती! तव्यावरची भाकर तशीच सोडून गोजरबाई उठली, खुरपं कमरेला खोचलं आणि निघाली. खुरप्याशिवाय ही बाई घराबाहेर पाऊल टाकत नसे.

बोरदरी गाव लासूर स्टेशनपासून चालत तासाभरावर. गाव लहान, पण गोजरबाईच्या टोळीचं नाव लांबवर गेलेलं. तिला धरून अकरा बायका. ही टोळी खुरपणीला लागली की हराळी मुळासकट निघणार, लव्हाळा गाठीसकट निघणार, गाजरगवत फुलायच्या आत निघणार. 'गोजरबाई, इथं एक काडी राहिली' असं म्हणायची चाळीस वर्षांत कुणाची टाप झाली नव्हती. टोळीचा एक दस्तूरही होता. कामाच्या शेवटच्या दिवशी त्याच रानातल्या उपटलेल्या तणाचा हार वळायचा, मालकिणीच्या गळ्यात घालायचा आणि गूळ-खोबऱ्याची खुशाली घ्यायची. ज्या घरी हा हार गेला, ते घर तो चार दिवस मिरवायचं.

साळूबाईच्या एकरभर रानात यंदा घास होता, म्हणजे जनावरांना घालतात तो लसूणघास. पण हा चाऱ्याचा नव्हता, बियाण्यासाठी राखलेला होता. मांडीला लागेल इतका वाढलेला, त्यावर जांभळा फुलोरा. रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, कळप येतात म्हणून चौफेर जाळी आणि फाटकाला कुलूप. बियाणं तपासणाऱ्या मॅडम तीन दिवसांनी संभाजीनगरहून येणार होत्या. त्यांनी पास केलं की साळूबाईच्या बियाण्याच्या पिशवीवर शिक्का बसणार होता. असं शिक्क्याचं बियाणं बोरदरीत आजवर कुणी केलेलं नव्हतं.

रानाच्या मधोमध बुजगावणं उभं होतं. अंगात साळूबाईच्या नवऱ्याचा जुना सदरा, डोक्याला मडकं, गळ्यात टोळीचाच वाळलेला हार. त्याच्या पायाशी साळूबाई कपाळाला हात लावून बसली होती.

"काय झालं गं?"

"तूच बघ आक्का. माझ्या तोंडातून शब्द फुटंना."

गोजरबाईनं वाकून पाहिलं. खाटेएवढ्या जागेत घासावर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पसरलं होतं. त्याला पान नाही, जमिनीत मूळ नाही. अमरवेल! ही वेल दुसऱ्याच्या अंगावर चढते, त्याला घट्ट विळखा घालते आणि त्याचाच रस पिऊन वाढते. तिचा तुटका तुकडा जरी ओल्या घासावर पडला, तरी चिकटतो आणि नवा संसार मांडतो. चाऱ्याच्या घासात ती आली तर चारा जातो. बियाण्याच्या घासात आली तर तपासणीत सगळं रान बाद.

तोवर माणसं जमली. सगळ्यात पुढं नानासाहेब. शेजारच्या रानाचे मालक, पांढरंशुभ्र धोतर, बैठकीत सत्काराच्या शाली टांगलेल्या. त्यांनी काठीनं वेल उचलून पाहिली.

"कुलूपबंद रान हे. साळूबाईच्या घरचे सोडले तर आत कोण गेलं? ही टोळी. बायका दहा रानं तुडवतात अन् लुगड्याला तण घेऊन फिरतात. आपल्याला मालूमच नाय." नानासाहेबांनी सगळ्यांकडे वळून पाहिलं. "माझ्या रानात ही टोळी आजपासून बंद. शहाणा असंल त्यानं बी बोलवू नये."

साळूबाईनंही टोळीची बाजू घेतली नाही, आणि ते गोजरबाईला जास्त लागलं. तिचा चेहरा तापला. पण ती भांडली नाही. खाली बसली आणि घासाचे बुडखे एकेक करून बाजूला सारू लागली.

बियापासून उगवलेली अमरवेल आधी मातीतून वर येते, मग झाड धरते. मातीपाशी तिचं वाळलेलं शेपूट राहतं. इथं एकही शेपूट नव्हतं. वेल वरून खाली उतरली होती. आणि जाळ्याच्या मधोमध एक जुना, वाळत आलेला दोरा होता. त्याचं टोक तिनं बोटांवर धरलं. तिरकं आणि सरळ कापलेलं होतं.

"हे उगवलेलं नाय," गोजरबाई म्हणाली. "हे विळ्यानं कापून कुणीतरी आत आणलंय."

२

माणसं पांगली. नानासाहेबांचं बोलणं मात्र मागं राहिलं. दुपारपर्यंत दोन निरोप आले. एकानं हरभऱ्याचं काम पुढं ढकललं, दुसऱ्यानं 'घरच्या बायका करतील' म्हणून कळवलं. टोळीतल्या बायका गोजरबाईच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यात द्वारका सगळ्यात नवी होती. दिवाळीनंतर लग्न होऊन गावात आलेली, कोरडवाहू मुलखातली पोर. ती तर रडायलाच लागली.

"रडू नको," गोजरबाई खेकसली. "चोरी केली का आपण? मॅडम यायच्या आत मी ह्याचा छडा लावते. नाय लावला तर खुरपं विहिरीत टाकीन."

हे बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच थोडी धडकी भरली. पण शब्द तोंडातून गेला होता.

ती पुन्हा साळूबाईच्या रानाशी गेली. साळूबाईची सून श्रेया फाटकापाशी उभी होती. शिकलेली पोर, सासूच्या बियाण्याचे सगळे कागद हीच सांभाळायची.

"मावशी, कुणी बाहेरून फेकली असेल का?"

"बघू की." गोजरबाईनं वेलीचा भारा वळून गोळा केला, जाळीबाहेर बांधावर उभी राहिली आणि रानाकडं पाठ करून मोकळ्या रस्त्याकडं अंगातलं सगळं बळ लावून फेकला. गोळा हवेतच सुटला आणि सात पावलांवर पडला. बुजगावणं बांधापासून चाळीस पावलं. गोजरबाईनं पुन्हा फेकला, श्रेयानं फेकला, रस्त्यानं जाणाऱ्या एका धट्ट्याकट्ट्या गड्याला बोलावून त्यालाही फेकायला लावला. दहा पावलांच्या पुढं कुणाचा गेला नाही. पडलेला तुकडा न् तुकडा गोजरबाईनं वेचून पदरात बांधला.

"म्हणजे कुणीतरी आत चालत जाऊन ठेवली," श्रेया म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "मावशी, किल्ली आमच्याच घरात असते. पण मागच्या महिन्यात कडुबा आला होता. आत्याबाईंनी त्याला जडीबुटी वेचायला आत सोडलं नाही, तर शिव्या देत गेला. आणि बाजारात तो काय विकतो ठाऊक आहे ना?"

गोजरबाईला ठाऊक होतं. कडुबा केसांचं तेल विकायचा. अमरवेलीचं.

३

दुसऱ्या दिवशी लासूर स्टेशनचा बाजार होता. कडुबा नेहमीच्या कडुनिंबाखाली बसला होता. पुढ्यात बाटल्या आणि शेजारी पिवळ्या वेलीचा ढीग. गोजरबाईनं काही न बोलता पदरातला दोरा काढून त्याच्यासमोर धरला.

कडुबा बघताच हसला. "मला कशाला दाखवू राहिली? ही माझ्या कामाची नाय."

"का बरं? अमरवेल नाय का ही?"

"हाय. पण ही बघ." त्यानं ढिगातली एक वेल उचलली. सुतळीएवढी जाड, हिरवट पिवळी. "ही बोरी-बाभळीवरली. हिचं तेल निघतं. तुझी शिवायच्या दोऱ्यासारखी बारीक. ही घासावरली जात. उकळली तर पाणीच उरतं. अन् हे बघ गोजरबाई, साळूबाईला शिव्या दिल्या, व्हय, दिल्या. राग आला होता. पण रानाचं वाटोळं करायला कडुबा कसाई नाय."

गोजरबाईनं दोन्ही वेली बोटांत धरून पाहिल्या. आंधळ्यालाही कळावा एवढा फरक होता. आपण रागाच्या भरात हे आधी पाहिलं नाही, म्हणून तिनं मनात स्वतःच्याच कानाखाली वाजवली. ही बारीक वेल घासातूनच आली होती, म्हणजे दुसरा घास शोधायला हवा होता.

बाजाराच्या कोपऱ्यावर सर्जेरावाचं बियाण्याचं दुकान होतं. 'बायकांचं बियाणं घेणार कोण' असं हा सर्जेराव चारचौघांत बोललेला. साळूबाईचं बियाणं शिक्क्यानिशी बाजारात आलं तर सगळ्यात आधी ह्याच्या पोटात दुखणार होतं. गोजरबाई गल्ल्यासमोर उभी राहिली आणि दोरा वर धरला.

सर्जेरावाचा रंग उडाला. "हे इथं नका दाखवू! गिऱ्हाईक बघतंय."

"का? तुमच्या बियाण्यातून निघती का?"

"साळूबाईला मी दाणासुद्धा दिलेला नाय. तिनं सरकारी पिशवी आणली होती, सीलबंद."

"मालूम आहे मला. मी दुसऱ्याचं विचारते. आमच्या गावात सुटं बियाणं कुणाला दिलं?"

सर्जेरावानं हिशेबाच्या वहीत डोकं घातलं. गोजरबाई तिथंच पायरीवर मांडी घालून बसली, दोरा मांडीवर ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'राम राम' घालू लागली. तिसरं गिऱ्हाईक पायरीवरूनच परत गेल्यावर सर्जेराव वाकून तिच्या कानाशी आला.

"एकालाच दिलं होतं. स्वस्तातलं पाहिजे म्हणाले. पण माझं नाव घेऊ नका, मोठं माणूस हाय."

"नाव सांगा."

"नानासाहेब."

४

नानासाहेबांचा गोठा म्हणजे गावाची शान. बारा गाई, सगळ्या धष्टपुष्ट. गोजरबाई गेली तेव्हा ते खाटेवर बसून चहा पीत होते.

"नानासाहेब, तुमच्या घासाचं रान बघायचंय."

कप तोंडाशीच थांबला. "काय करायचंय बघून?"

"शिकायचंय. एवढे सत्कार झाले तुमचे."

"टोळीला बंदी केलीय, ऐकलं नाय का? माझ्या रानात पाय टाकायचा नाय." ते उठून घरात गेले.

पण घासाचं रान गोठ्याच्या मागंच होतं, आणि पायवाट सरकारी होती. गोजरबाई त्या वाटेनं गेली. आडोशाला चार ओळींचे ज्वारीचे पाटे, म्हणजे पट्टे, पेरले होते. तिनं त्यातली ताटं हातानं बाजूला केली.

अगं बाई! अर्धं रान पिवळं होतं. मधला घास तर दिसतच नव्हता. वेलीनं तो दाबून, पिळून पार झोपवला होता. कडेचा हिरवा राहिला होता तेवढा गाईंसाठी कापत होते. बारा गाईंचा मालक, शालींचा धनी, आणि रान असं सडलेलं! म्हणून ज्वारीचा आडोसा, म्हणून बंदी, म्हणून काल सगळ्यांच्या आधी टोळीवर बोट. गोजरबाईला हसूही आलं आणि संतापही.

मग तिनं विचार केला. हा माणूस आपली लाज लपवत होता, हे खरं. पण लाज लपवणारा माणूस तीच लाज विळ्यानं कापून शेजारच्या रानात कशाला नेऊन ठेवील? सगळे विचारतील ना, कुठून आली म्हणून. आणि किल्ली? आणि बुजगावणंच का? कडेला कुठंही टाकता आली असती.

तेवढ्यात घास कापल्याचा आवाज आला. कडेच्या हिरव्या पट्ट्यात द्वारका वाकून कापत होती. टोळीचं काम सुरू व्हायच्या आधी ती रोज पहाटे नानासाहेबांच्या गाईंना घास कापायची. बंदी खुरपणीच्या टोळीला होती, गाईंच्या घासाचं हे काम नानासाहेबांनी थांबवलं नव्हतं. आता टोळीचं कामच बंद, म्हणून ती दिवसाही इथंच. तिनं भारा बांधला, मान वर केली आणि दचकली.

"मावशी! तुमी इथं?"

गोजरबाईचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे नव्हतं. भाऱ्याकडे होतं.

"द्वारके, भारा कशानं बांधला?"

"ह्या पिवळ्या दोऱ्यानं. तीन-चार पदर पिळले की लई चिवट होतो, गाठ सुटत नाय. अन् रंग बघा की, हळदीवाणी." द्वारका कौतुकानं म्हणाली. "आमच्या माहेरी घास नाय पिकत. तिकडं असला दोरा कधी बघितलाच नव्हता."

साळूबाईच्या रानातली वेल ह्या पोरीनं अजून पाहिलीच नव्हती. गोजरबाई बांधावरच बसली. तिला एकच प्रश्न विचारायचा होता आणि उत्तर आधीच माहीत होतं.

"साळूबाईचा हार तू वळला होतास ना?"

५

भर दुपारी साळूबाईच्या रानात कुणी नव्हतं. श्रेयाकडून किल्ली घेऊन गोजरबाई बुजगावण्यापाशी आली. गळ्यातला हार तिनं हळूच उचलला. वर केना, माठ, दुधाणी, सगळं वाळून कोळसा झालेलं. आतून सगळ्या तणाला धरून ठेवणारा दोरा पिवळा होता. त्याची खालची टोकं सुटून घासाच्या शेंड्यांवर लोंबत होती. वाळून गेलेली, पण जायच्या आधी घासाला धरून गेलेली.

सगळा उलगडा झाला. खुरपणीचा शेवटचा दिवस, तीन आठवड्यांपूर्वी. द्वारका पहाटे नानासाहेबांचा घास कापून तशीच आली, कनवटीला पिवळा दोरा घेऊन. तणाच्या हाराला देखणा दोरा हवा म्हणून तिनं तो वापरला. आणि तो हार साळूबाईच्या गळ्यात कुणी घातला? गोजरबाईनं, स्वतःच्या हातानं! श्रेया मोबाईलवर फोटो काढत होती, बायका टाळ्या वाजवत होत्या आणि गोजरबाई मान ताठ करून फोटोकडे बघत होती. चाळीस वर्षं तण ओळखणारी बाई, आणि हातातल्या हाराकडे तिनं एकदा खाली बघितलं नाही. पुढं साळूबाईनं तो अभिमानानं रानाच्या राखणदाराला घातला. त्याच दिवशी रानाला पाणी दिलं. वेलीला आणखी काय हवं होतं?

गोजरबाईनं हार पदराखाली घेतला. घरी चूल पेटलेली होती. दोन क्षणांत राख झाली असती. नानासाहेबांचं पिवळं रान गावाला दाखवलं की सगळे त्यांच्यावर तुटून पडले असते, टोळी सुटली असती आणि द्वारकेला कुणी बोललं नसतं. गोजरबाईचं नाव होतं तसंच राहिलं असतं.

ती चुलीपाशी बराच वेळ बसली. हार मांडीवर होता.

६

बियाणं तपासणाऱ्या नीरजा मॅडम ठरल्या दिवशी सकाळीच आल्या. पस्तिशीच्या, उन्हात रापलेल्या, पायात चिखलाचे बूट. अमरवेल पाहून त्यांनी चष्मा डोक्यावर सारला.

"साळूबाई, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. ही बियाण्यातून आली असेल, तर मातीत अजून किती दडलंय ते कुणी सांगू शकत नाही. मग अख्खं रान बाद करावं लागेल. कुठून आली ते नक्की कळल्याशिवाय मी सही करू शकत नाही."

साळूबाईनं पदर तोंडाला लावला.

"मी सांगते," गोजरबाई पुढं आली. गाव गोळा झालं होतं, नानासाहेब काठी टेकून पुढंच उभे होते. "बियाण्यातून नाय आली, मॅडम. खाली शेपूट नाय, उकरून बघा. वरून उतरलीय. कापून आणलेली होती."

नीरजाबाई खाली बसल्या, पाच-सहा ठिकाणी माती उकरून पाहिली आणि मान हलवली. "खरं आहे. पुढं?"

"बाहेरून फेकलेली नाय, चाळीस पावलं जात नाय. कडुबाची नाय, त्याची झाडावरली असती, जाड. ही घासाची. गावात दुसरा घास एकाच रानात हाय, अन् तिथं सुटं बियाणं पेरलंय."

सगळ्यांच्या माना नानासाहेबांकडे वळल्या. ते काठी उचलून एक पाऊल मागं सरले. गोजरबाईनं हे पाहिलं. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. टोळीतली एक बाई मागून ओरडलीही, "मग आमच्यावर कसली बंदी घालता?"

"थांबा," गोजरबाई म्हणाली. "वेल त्यांच्या रानातली, पण इथं त्यांनी नाय आणली." तिनं पदराखालचा हार काढला आणि उंच धरला. "इथं आणली आमी. ह्या हारात बांधून. दोरा पोरीनं वापरला. तिला वेल माहीत नव्हती, तिचा गुन्हा नाय. मला माहीत होती. हार घातला मी, अन् हातात काय हाय ते बघितलं नाय मी. मान वर होती माझी, फोटोत. गुन्हा माझा."

द्वारका हुंदका देऊन टोळीतल्या बाईच्या खांद्यावर पडली. नानासाहेबांच्या तोंडून बारीक आवाजात निघालं, "बघा, स्वतःच कबूल केलं." पण कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

नीरजाबाईंनी हार हातात घेतला, दोरा उलगडला, कापलेली टोकं जुळवून पाहिली. मग त्या उठल्या.

"म्हणजे मातीत काही नाही. डाग एवढाच आहे, आणि वेलीला अजून फूल आलेलं नाही. डागाच्या चारी बाजूंनी दोन-दोन हात घास बुडापासून काढा आणि जागेवरच जाळा. तीन आठवड्यांनी मी परत येते. त्या वेळी एकही दोरा दिसला नाही, तर रान पास." त्या गोजरबाईकडे वळल्या. "बाई, तुम्ही हे बोलला नसता, तर मी आज हे रान बाद करूनच निघाले असते."

साळूबाई हळूहळू पुढं आली. गोजरबाईला वाटलं, आता शिवी येणार. शिवी आलीच.

"मेले, तीन दिवस मला काय वाटलं असंल! माझ्याच किल्लीवर माझा संशय! पोटच्या लेकाकडं बी नीट बघता येईना मला." मग तिनं गोजरबाईचा हात धरला. "वेल काढायला टोळीच लाव. दुसऱ्या कुणाला मी आत पाय टाकू देणार नाय."

गोजरबाईला डोळ्यांतलं पाणी आवरलं नाही. तिनं ते पुसलंही नाही.

"लावते," ती म्हणाली. "पण आधी बांधावर आमची झडती घे. पदर, खुरपी, चपला, सगळं. आजपासून आमचा हा दस्तूर. झडती घेतल्याबिगर ही टोळी कुणाच्याच रानात शिरणार नाय अन् निघणार बी नाय."

७

रान पास झालं. साळूबाईच्या पिशव्यांवर शिक्का बसला आणि श्रेयानं पहिली पिशवी गावभर फिरवली. पण नीरजाबाईंनी जाताना एक अट घातली होती. शेजारची अमरवेल गेली नाही, तर पुढच्या सालचं बियाणं तपासायला त्या येणार नव्हत्या.

नानासाहेबांनी आधी आपले गडी लावले. गड्यांनी विळ्यानं सपासप कापली आणि तुकडे तिथंच टाकले. आठ दिवसांत वेल दुप्पट झाली. मग एका सकाळी नानासाहेब स्वतः गोजरबाईच्या ओट्याशी आले. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "तुमची टोळी पाहिजे."

गोजरबाईनं त्यांना बरंच काही ऐकवता आलं असतं. चार बायकांनी तर पदर खोचून तयारीही केली. पण तिनं फक्त विचारलं, "आडोशाचे पाटे काढले का? लपवून काम नाय करत आमी."

"काढले."

सहा दिवस टोळी त्या रानात होती. एकही तुकडा मागं न ठेवता, पानापानावरून वेल सोडवून, जिथं सुटली नाही तिथं घास बुडापासून काढून जाळला. द्वारका सगळ्यात पुढं. तिच्या डोळ्यांतून आता पिवळा केससुद्धा सुटत नव्हता. शेजारच्या गावांतून माणसं बांधावर येऊन उभी राहायची, वैजापूरकडचा एक कांद्यावाला तर दोनदा विचारून गेला, टोळी कधी मोकळी होते म्हणून. गोजरबाई त्याला सांगायची, नंबर लावा.

सहाव्या दिवशी काम संपलं. बांधावर झडती सुरू झाली. बायका ओळीनं उभ्या राहिल्या, पदर झटकले, चपला एकमेकींवर आपटल्या, खुरपी जाळावर धरली. सगळ्यात आधी गोजरबाईनं स्वतःची झडती दिली. नानासाहेब हे सगळं बघत होते. मग घराकडे वळले.

"थांबा नानासाहेब."

"आता काय?"

"जोडे काढा."

नानासाहेबांचा चेहरा लाल झाला. "मी ह्या रानाचा मालक हाय!"

"म्हणूनच म्हणते. मजूर दिवसभर एका रानात राबतो, मालक दहा बांधांवरून फिरतो. वेलीला मालक कळत नाय अन् मजूर बी कळत नाय."

अकरा बायका उभ्या होत्या, बांधावरची माणसं उभी होती. नानासाहेबांनी इकडं-तिकडं पाहिलं, मग वाकले आणि जोडे काढले. गोजरबाईनं एक जोडा हातात घेतला, टाचेच्या शिवणीत खुरप्याचं टोक घातलं आणि करंगळीएवढा पिवळा दोरा बाहेर काढला. तिनं तो सगळ्यांना दिसेल असा धरला आणि द्वारकेच्या हातात दिला. द्वारकेनं तो जाळात टाकला.

नानासाहेब त्या जाळाकडे बघत राहिले.

"आता धोतर," गोजरबाई म्हणाली. "नीट झटका, निऱ्यांत लई अडकतं."

आणि बोरदरीच्या नानासाहेबांनी सगळ्या टोळीसमोर, अनवाणी उभं राहून, निऱ्या हातात धरल्या आणि धोतर झटकलं.